गरुडाला नाव ठेवणारे शेठ

रमाकांतशेठ घरत यांच्या तोंडून मी कधी शिवी ऐकली नाही. ज्याच्यावर राग असेल त्याला ते नाव देत. नाव एकदा दिलं की त्या माणसाचं बारशाचं नाव पेणमध्ये कुणाच्या लक्षात राहत नसे.

मी पेणला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बदलून आलो तेव्हा त्यांच्या गणपतीच्या कारखान्यावरची खोली भाड्याने घेतली. खाली बाराही महिने शाडूचा ओलसर वास, ओळीने मांडलेले बिनडोळ्यांचे गणपती, आणि त्यांच्यामधून पांढऱ्या लेंग्यावर मातीचा एक डाग पडू न देता फिरणारे शेठ. उंच, किडकिडीत, केस चापून बसवलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं, ऐकलं आणि बाजूला ठेवलं. "हॅलोसाहेब, पाणी सकाळी सहाला येतं," म्हणाले. तेव्हापासून मी हॅलोसाहेब. त्या नावात राग नव्हता एवढीच मेहरबानी.

राग असला की काय होई ते मला थोड्याच दिवसांत कळलं. एका सरकारी साहेबांनी कारखान्यात बसून चहा अर्धा ठेवला आणि "तुमच्या गावचं पाणीच मचूळ," असं कामगारांसमोर म्हटलं. शेठ हसले, त्यांना दारापर्यंत पोचवून आले. पुढे वर्षभर ते त्या साहेबांचा उल्लेख "अर्धाकप" असा करत राहिले. तोही आवाज न चढवता, अगदी आदराने. साहेबांच्या निरोप समारंभात बोलायला उठलेले एक गृहस्थ भर सभेत "आपले लाडके अर्धाकप..." म्हणाले आणि तिथेच थांबले. शेठ मागच्या रांगेत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी मांडीवर बोट टेकवलं आणि एकच शब्द उच्चारला, "लागलं."

"एवढं वर्षभर कशाला थांबलात?" मी विचारलं.

"ओल्या मातीवर रंग धरत नाय, हॅलोसाहेब. सुकू द्यायची."

एक नियम मात्र ते पाळत. सूड कारखान्यात आणायचा नाही. भांडलेल्या गिऱ्हाइकाचा गणपतीही ते तितक्याच मन लावून करत. डोळ्यांची आखणी स्वतःच करत. त्या वेळी रेडिओ बंद, बोलणं बंद. "माणसाचं माणसाशी," असं म्हणत, "देवाला मधे घ्यायचा नाय."

त्यांचं दुसरं दैवत दाराबाहेर उभं असे. गरुड. त्या काळात मोठी जीप म्हणजे पत्रा, ताडपत्री आणि धूळ, असं समीकरण होतं. गरुड नावाची गाडी निघाली आणि लोकांना पहिल्यांदा कळलं की जीपलाही थंडगार एसी असतो, बटणावर काचा खाली जातात आणि सीट मखमली असते. शेठची गाडी काळपट हिरवी होती. चौकोनी तोंड, वाटोळे दोन दिवे, मागे दारावर चाक. सकाळी आंघोळ झाल्यावर ते आधी गाडी पुसत, मग देवपूजा. शालिनीवहिनी म्हणायच्या, "आमच्या घरात सवत आणली ती चार चाकांची, तेवढं नशीब."

रविवारी सकाळी हायवेवर रामवाडीच्या एका हॉटेलात गरुडवाल्यांचा अड्डा भरे. दाताचे डॉक्टर, वीटभट्टीवाले पाटील आणि शेठ या तिघांच्या गाड्या. गॅरेजवाले इस्माईलभाई हे त्या तिन्ही गाड्यांचे वैद्य. मी बिनगाडीचा, पण भजी खायला जायचो. डिझेलचा वास, क्लचची कुरकुर, सुकेळी खिंडीत कोण कितव्या गिअरला चढला, हे विषय त्यांना कधी शिळे होत नसत. कधीमधी रोह्याहून शेठचे मेहुणे अनंतराव येत. शेठची धाकटी बहीण नलू त्यांना दिलेली. गोरापान, घारा, बोलघेवडा माणूस, डोळ्यांवर गॉगल. रोह्यात बांधकामाचं साहित्य पुरवायचा धंदा होता आणि पुढारीपणाची हौस. आल्याबरोबर अख्ख्या हॉटेलच्या चहाची ऑर्डर देत. मला ते आवडायचे, हे आधीच सांगून टाकतो.

कुणाच्या तरी लग्नाला म्हणून अनंतरावांनी एकदा शेठची गरुड नेली. शेठ गाडी कुणाला देत नसत, पण नलूने फोन केला होता. परत येताना सुकेळी खिंडीत अनंतरावांनी ती कठड्यावर घातली. माणसं वाचली. गाडीचं तोंड आत गेलं, एक दिवा फुटून लोंबत राहिला. गाडी ओढून आणली तेव्हा शेठ तिच्यापुढे उकिडवे बसले आणि फुटक्या दिव्यावर बराच वेळ तळहात ठेवून राहिले. अनंतराव तेव्हाच "चुकलं" म्हणाले असते, तर मला हे काहीच लिहावं लागलं नसतं.

पुढच्या रविवारी ते रामवाडीला आले ते उलट आवाज चढवूनच. "शेठ, तुमच्या गाडीचं स्टेअरिंगच ऐकत नाय. मी म्हणून सगळे वाचले. भंगारात घाला ती."

इस्माईलभाई म्हणाले, "स्टेअरिंग मी कालच खोललं. चांगलं आहे."

अनंतराव हसले आणि शेठच्या खांद्यावर थाप मारून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जाऊ द्या हो. मातीतल्या माणसाला लोखंडातलं काय कळतंय?"

अड्डाही हसला. वाईट हेतूने नाही, माणसं हसतात तशी. शेठनीही हसल्यासारखं केलं. भज्यांची बशी त्यांनी अनंतरावांकडे सरकवली, "घ्या, थंड होतील." बशी सरकवणारा तो हात मी पाहिला आणि मला अर्धाकप साहेब आठवले.

गाडी दुरुस्त झाली. इस्माईलभाईंनी जीव ओतला, तरी नवा दिवा जुन्यापेक्षा किंचित पिवळा दिसे. शेठना तो रोज दिसत होता.

दोन-एक वर्षांनी बातमी आली की कंपनी गरुड नव्याने काढतेय. डॉक्टरांनी मुंबईहून गाड्यांचं इंग्रजी मासिक आणलं. रामवाडीच्या टेबलावर त्यातलं जोडपान पसरलं गेलं आणि त्याच्या चारी कोपऱ्यांवर चहाचे ग्लास ठेवले गेले. नव्या गरुडाचे कोपरे गेले होते. सगळीकडून गोल. दिवे वाटोळे नव्हते, ते तिरके होऊन कडेला कानांकडे गेले होते. मागचं चाक दारावरून काढून पोटाखाली टांगलं होतं.

"साबणाची वापरलेली वडी," पाटील म्हणाले.

"वडी का असेना, आतून विमान आहे," डॉक्टर म्हणाले. "सीट बघा. पाठीला आराम. इंजिनही नवं."

"पोटाखाली चाक?" इस्माईलभाईंना तेच सहन होत नव्हतं. "पावसाळ्यात पंक्चर झाली तर चिखलात आडवं पडून चाक काढायचं? हे ज्याने काढलं त्याने कधी चाक बदललेलं नाही."

"बंपर प्लॅस्टिकचा आहे म्हणे. म्हैस आडवी आली तर?"

"म्हशीला लागणार नाही, हा फायदाच."

तासभर हे चाललं. जुन्याचे भक्त आणि नव्याचे भक्त असे दोन तट पडले, आणि डॉक्टर-पाटलांत खरोखरची बाचाबाची झाली. पाटील तर म्हणाले, कंपनीने आपला विश्वासघात केला. घरातलं माणूस न विचारता दुसऱ्या जातीत गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. शेठ फोटो बघत होते. त्यांनी मासिक हातात धरलं, लांब नेलं, जवळ आणलं.

"तुम्ही बोला की," डॉक्टर म्हणाले.

"चेहरा समोर आल्याशिवाय कळत नाय," शेठ म्हणाले आणि उठले.

रोह्यातली पहिली नवी गरुड अनंतरावांनीच घेतली. घेऊन ते आधी घरी गेले नाहीत. रविवार गाठून थेट रामवाडीला आले. चांदीसारखा रंग, बॉनेटवर झेंडूचा हार, डोळ्यांवर गॉगल. शेजारी नलू बसलेली. नव्या साडीत, जरा संकोचलेली, पण आनंदात. भावाला दाखवायला आली होती. हॉटेलातली पोरंटोरं, थांबलेल्या ट्रकांचे ड्रायव्हर, सगळे गोळा झाले. डॉक्टर आत बसले आणि उतरेचनात. इस्माईलभाई खाली वाकून पोटाखालचं चाक बघून आले आणि हात झटकले. पाटलांनी बंपरवर टिचकी मारली, पोकळ आवाज आला. मीही मागे बसून एक फेरी मारली. खरं सांगायचं तर गाडी सुंदर होती. खड्डा कळत नव्हता.

अनंतराव मात्र एकाच माणसाकडे बघत होते. "काय शेठ, बोला आता. लोखंडातलं थोडंफार कळतं ना?"

शेठ पुढे झाले. मूर्तीसमोर बसतात तसे गाडीसमोर उकिडवे बसले. डोळे बारीक करून उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. त्यांच्याभोवती बोलणं आपोआप थांबलं.

"डोळे कानावर नेलेत," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "नाक पुढं काढलंय. मागून फुगवलीय. अनंतराव, जरा हॉर्न वाजवा."

अनंतरावांनी खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला. नव्या गाडीचा हॉर्न बारीक, तुटका होता. पक् पक्.

शेठ उठले. लेंगा झटकला. अनंतरावांचा हात हातात घेतला आणि मनापासून अभिनंदन करावं तसं म्हणाले, "झकास हाय. कोंबडी झकास हाय."

आधी पाटील हसले, मग एक ट्रकवाला, मग हॉटेलचा मालक, आणि मग ते हसू हायवेच्या पलीकडे गेलं. कारण एकदा तो शब्द कानावर पडल्यावर समोर दुसरं काही दिसतच नव्हतं. तिरके डोळे, चोच, फुगलेलं बूड. डॉक्टरसुद्धा सीटवर बसल्या बसल्या हसले. अनंतरावही हसले, बशी सरकवताना शेठ हसले होते तसे. फक्त नलू हसली नाही. ती भावाकडे बघत होती.

एस्टीच्या ड्रायव्हरांनी ते नाव अनंतराव घरी पोचायच्या आत रोह्याला पोचवलं, असं लोक सांगतात. त्यात अतिशयोक्ती फार नसावी. महिन्याभरात पेणपासून रोह्यापर्यंत नव्या गरुडाला कुणी गरुड म्हणेना. डॉक्टरांनी तीच गाडी घ्यायचं पक्कं केलं होतं, ते लांबणीवर टाकलं. "दवाखान्यासमोर कोंबडी कशी उभी करू?" म्हणाले.

इथे थांबले असते तर ती शेठच्या गोष्टींतली आणखी एक मजेदार गोष्ट झाली असती. मीही त्यांना तसंच म्हणालो, "झालं की. लागलं."

"पहिला हात झाला," ते म्हणाले. "सुकू द्या."

पुढच्या गणपतीत गावातल्या एका मंडळाने त्यांच्याकडे हलता देखावा मागितला. विषय रस्त्यावरची सुरक्षितता. शेठनी कारखान्याचा मागचा दरवाजा लावून घेतला. मी एकदा फोन आला म्हणून त्यांना बोलवायला गेलो तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या. आत माणसाएवढी उंच कोंबडी तयार होत होती. तिचं तोंड नव्या गरुडाचं. चाकांवर पाय. पाठीवर बसलेला गोरा, घारा ड्रायव्हर, गॉगल कपाळावर चढवलेला. मोटर लावली की कोंबडी घाटाचा चढ चढायची, अर्ध्यावर थांबायची, मान वळवून ड्रायव्हरकडे बघायची आणि अंडं घालायची.

"माणसाचं माणसाशी म्हणत होतात ना?" वहिनी म्हणाल्या. "आता गणपतीच्या मांडवात नेताय. मातीत इख कालवू नका."

शेठ ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर हात फिरवत होते. "तू चहा ठेव," म्हणाले.

त्यांनी तो चेहरा किती मन लावून केला होता, हे मी कधी विसरणार नाही. हुबेहूब अनंतराव. आखणीसाठी त्यांनी नेहमीसारखा रेडिओ बंद केला.

देखावा बघायला रांगा लागल्या. रोह्याहून, नागोठण्याहून टेम्पो भरून माणसं आली. त्याच हिवाळ्यात रोह्यात नगरपालिकेची निवडणूक होती आणि अनंतराव उभे होते. विरोधकांना वेगळा प्रचार करावा लागला नाही. अनंतराव सभेत बोलायला उठले की मागून कुणीतरी "पक्" करायचं. एकदा त्यांच्या गाडीच्या टपावर कुणी खरीच कोंबडी बांधून ठेवली. ते पडले, वाईट पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी कुणा मुंबईवाल्याला विकून टाकली. शेठना मी बातमी सांगितली तेव्हा ते मुकुटाला सोनेरी रंग देत होते. ब्रश न थांबवता म्हणाले, "आता सांगू दे त्याला, मातीतल्या माणसाला काय कळतं ते." इतका तृप्त चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नलू आली. दुपारी, रोह्याच्या एस्टीने, एकटी. मी ड्यूटीवर निघालो होतो, जिन्यात थबकलो. कामगार जेवायला गेले होते. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, "बस गो, नलू. पाणी तरी घे."

"नको वहिनी," ती म्हणाली आणि भावासमोर जाऊन उभी राहिली. "दादा, ते दोन दिवस जेवले नायत. तिसऱ्या दिवशी जेवले. आता पुढच्या निवडणुकीचं बोलतायत. त्यांचं काय गेलं नाय."

शेठनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"माझी पोरगी शाळेत जात नाय. बाकावर बसली की पोरी म्हणतात, ऊठ, अंडं दिसू दे. बाजारात गेले तर माझ्या मागनं आवाज काढतात. मी काय केलं होतं तुझं? गाडी मागायला फोन केला, तेवढंच ना?"

"अनंतरावनी एकदा चुकलं म्हणायला पायजे होतं," शेठ म्हणाले.

"त्यांच्या वतीनं मी म्हणते." तिने खाली वाकून शेठच्या पायांना हात लावला. "चुकलं. झालं? आता तू माझ्या पोरीला म्हण. रोह्याला ये, तिला जवळ घे आणि चुकलं म्हण. ती लहान हाय, लगेच विसरेल."

मला वाटलं आता हा माणूस मोडणार. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. पण शेठच्या तोंडून शब्द येईना. आयुष्यभर त्यांनी कुणाला तो शब्द म्हटला नव्हता, आणि ज्याची सवय नाही तो शब्द ऐन वेळेला सापडत नाही. ती उभी राहिली. तिने पुष्कळ वाट पाहिली. ओळीतले बिनडोळ्यांचे गणपती आणि ती दोघं.

"बरं," ती शेवटी म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. पर्स उचलली, वहिनींच्या पाया पडली आणि गेली.

पुढच्या दिवाळीत भाऊबीजेला पाट मांडला गेला आणि तसाच उचलला गेला. शेठनी मग फोन केले, मीच लावून दिले. त्यांचा आवाज ऐकला की पलीकडून फोन ठेवला जाई. वहिनी गेल्या तर त्यांना जेवायला वाढलं, साडीही नेसवली, पण "दादाचं नाव काढायचं नाय," एवढं बजावलं. भाचीला रोह्यातल्याच दुसऱ्या शाळेत घातली आणि ती तिथे रमली, हेही वहिनींकडूनच कळलं. अनंतराव स्वतः एकदा कारखान्यात येऊन गेले. "शेठ, माझ्याकडनं मिटलं," म्हणाले. "पण नलू माझं ऐकत नाय." दोघे पुरुष चहा पिऊन समोरासमोर बसून राहिले. भांडण ज्यांचं होतं त्यांचं संपलं होतं.

रामवाडीचा अड्डा हळूहळू पातळ झाला. डॉक्टरांनी शेवटी नवी गरुड घेतलीच. एका रविवारी शेठ तिच्यात पुढे बसले. दार बंद करून घेतलं, काच वरखाली केली, सीटवर पाठ टेकली.

"बसायला चांगली हाय," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "चेहराही तितका वाईट नाय. मी त्या दिवशी बघितला तेव्हाच मना कळलं होतं."

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा माझी बदली रोह्याला झाली. भाऊबीजेच्या दिवशी बाजारातून घरी येत होतो, तर एका गल्लीच्या तोंडाशी बंद दुकानाच्या पायरीवर शेठ बसलेले दिसले. कडक इस्त्रीचा लेंगा, मांडीवर मिठाईचा खोका. केस पांढरे झाले होते, पण चापून बसवलेले होते.

"गाडी कुठाय?" मी विचारलं.

"घरी. गाडीचा आवाज तिला कळतो. ऐकला की खिडक्या लावून घेते. म्हणून एस्टीनं येतो."

समोरच्या घराचं दार उघडं होतं. दारात रांगोळी. नलू बाहेर आली, दोरीवरचे कपडे काढू लागली. तिने आम्हाला पाहिलं. नजर चुकवली नाही. एकेक कपडा काढला, घडी करून हातावर घेतला, पुन्हा एकदा सरळ भावाकडे पाहिलं, आत गेली आणि दार लावलं. आवाज न करता, सावकाश, कडी बसेपर्यंत.

"बघितलंत?" शेठ म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर, मी खोटं सांगत नाही, अभिमान होता. "आदळलं नाय. जो आदळतो तो उद्या उघडतो. आमच्या घरात एवढं सफाईचं काम मनाही जमलं नाय."

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. पेणची गाडी लागली होती. ते चढले, खिडकीशी बसले, खोका मांडीवर नीट ठेवला.

"शेठ, दर वर्षी कशाला येता?" मी खालून विचारलं. "ती काही उघडणार नाही."

"उघडायला नाय येत, हॅलोसाहेब." त्यांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला. "मी नाय आलो, तर ती दार कुणाच्या तोंडावर लावणार?"

कंडक्टरने घंटी दिली. गाडी वळली, आणि शेठ समोर बघत ताठ बसलेले मला शेवटचे दिसले.